साहेबाचा मुलगा

सौदीतल्या दम्मामच्या कॅम्पात मी उतरलो त्याच दिवशी दुपारी, मेसमध्ये, चाचा माझ्या डोळ्यांदेखत मेले.

मी नुकतीच ताटात डाळ घेतली होती. समोरच्या बाकावर पन्नाशी ओलांडलेला एक माणूस बसला होता. डोक्यावर तिरपी तपकिरी हॅट, ओठावर पेन्सिलीने ओढल्यासारखी मिशी. बाहेर अंगाची लाही होत होती आणि या गृहस्थाच्या अंगात चक्क कोट! मी त्या कोटाकडे बघतोय तोच त्याने छातीवर हात दाबला, डोळे फिरवले, टेबलाचा कोपरा धरून अर्धा गोल फिरला आणि धाडकन जमिनीवर पडला. मी ताट टाकून ओरडलो, "अहो, धावा! माणूस गेला!" डाळ माझ्या पँटवर. आणि मेसमधली पंचवीसतीस माणसं शांतपणे जेवताहेत! एकानेही मान वर केली नाही. शेजारचा प्लंबर एवढंच म्हणाला, "बस रे, जेव. संध्याकाळी परत मरायचेत ते."

तेवढ्यात मेलेल्या माणसाने एक डोळा उघडला आणि मला विचारलं, "कसा वाटला? खरा वाटला ना? हातातला ताट टाकलास म्हणजे खराच."

माझं डोकंच फिरलं. मी त्यांना तिथल्या तिथे चार शब्द सुनावले. ते उठले, कोट झटकला आणि म्हणाले, "रागावतोस कशाला रे मेल्या? साहेब असाच मरायचा."

हा साहेब कोण, हे मला आठवड्याभरात कळलं. कळलं म्हणजे काय, कानीकपाळी आदळलं. काळ्या-पांढऱ्या सिनेमाच्या जमान्यातला तो कोणी अमेरिकन नट. त्याचं खरं नाव चाचांच्या तोंडी दर वेळी वेगळं यायचं, म्हणून सगळा कॅम्प त्याला साहेबच म्हणायचा. चाचा मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या एका गावचे. कंपनीत एसी मेकॅनिक. पण कुणी विचारलं तर सांगायचे, "एसी पोटासाठी. बाकी आपण साहेबाचे." कॅम्पात सगळ्यांत जुने तेच, त्यामुळे त्यांना बोलणार कोण? मी चिपळूणचा, म्हणजे त्यांच्या भाषेत 'घाटाच्या पायथ्याचा', तरी त्यातल्या त्यात गाववाला. म्हणून त्यांची सगळी नाटकं सगळ्यांत आधी माझ्यावर व्हायची.

दारातून ते कधी सरळ आत आले नाहीत. आधी दार उघडायचं, मग चौकटीत थांबायचं, मान जराशी वळवायची, आणि खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं की मगच पाऊल आत. एसी दुरुस्तीलाही तेच. बाहेर सत्तेचाळीस-अठ्ठेचाळीस डिग्री, ऑफिसातली माणसं घामाने निथळताहेत, आणि हे दारात पोझ देऊन उभे! आमचा इजिप्शियन मॅनेजर एकदा किंचाळला, "यल्ला, यल्ला!" म्हणजे चल, आटप, तर चाचा त्याला शांतपणे म्हणाले, "एंट्री परत घेऊ काय?" मला वाटलं, गेली यांची नोकरी. पण त्यांनी हात लावला की पाच मिनिटांत एसी गारठायचा, मग कोण कशाला काढतोय!

तोंडात कायम न पेटवलेली सिगरेट. आयुष्यात एक झुरका मारला नाही. भात कच्चा राहिला की आचाऱ्याला म्हणायचे, "रीटेक." कुणाची रडकथा फार लांबली की हाताची कात्री करून "कट!" एकदा आमच्यातल्या एकाचं लग्न मोडल्याचा निरोप आला. तो ढसाढसा रडत होता आणि चाचा त्याच्या तोंडासमोर दोन्ही हातांची चौकट धरून म्हणाले, "थांब, हलू नको. क्लोजअप हाय." मला इतकी चीड आली की मी त्यांचा हात हिसडला. आणि बघतो तर रडणारा हसतोय! नाकाडोळ्यांतून पाणी आणि हसतोय! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

शुक्रवारी नमाज आणि बिर्याणी झाली की आमच्या खोलीत साहेबाची जन्मकथा चालायची. नमाज न पढणारे आम्हीही बिर्याणीला आणि कथेला वेळेवर हजर. चाचांना ही कथा कुठून मिळाली, तर तीही गंमतच. ते तरुणपणी गावाहून थेट इथे आले. गावात थेटर नव्हतं आणि त्या काळी या देशातही नव्हतं. कंपनीत एक म्हातारा अमेरिकन फोरमन होता. त्याच्या क्वार्टरचा एसी बिघडला म्हणून चाचा गेले, तर तो व्हिडिओवर साहेबाचा सिनेमा बघत बसलेला. त्याने खूण केली, बस. चाचा बसले ते पुढे दर शुक्रवारी बसले. फोरमन साहेबाच्याच गावचा. त्याला हिंदी येत नव्हतं, चाचांना इंग्रजी येत नव्हतं. फोरमनला साइटवरची चार बोडकी अरबी वाक्यं येत, चाचांना तीही नाहीत. एवढ्या भांडवलावर एकाने दुसऱ्याला एका नटाचं अख्खं आयुष्य सांगितलं आणि दुसऱ्याने ते आम्हाला सांगितलं. आता बोला!

पण सांगायचे काय सुंदर! साहेबाचं गाव कोळशाच्या खाणीचं. "आपल्या गावात मासळीचा वास, तसा तिथं कोळशाचा. आई लोकांचे कपडे धुवायची, पण वाळत घातलेला परत काळा." साहेब फिरत्या नाटकवाल्यांबरोबर पळाला, घोड्यावरून पडायची कामं केली, हाडं मोडून घेतली आणि हॉलिवूडला पोचला. तिथे स्टुडिओच्या मालकाने त्याचं नावच बदललं. लगेच आमच्यातला एकजण म्हणाला, "माझंपण एजंटने पासपोर्टात बदललं." मग सात वर्षांचा करार. त्या मालकाच्या परवानगीशिवाय दुसरीकडे काम करायचं नाही, तो सांगेल तो रोल करायचा, आणि त्याच्या मनात आलं तर तो तुम्हाला दुसऱ्या स्टुडिओला उसना देणार.

"म्हणजे कफील!" सगळी खोली एका आवाजात ओरडली. कफील म्हणजे ज्याच्या नावावर आमचा व्हिसा, तो इथला मालक.

"मग? मी काय सांगतोय?" चाचा म्हणाले. "साहेबाचा इकामा, राहायचा परवाना, मालकाच्या खिशात. एवढा मोठा नट, पण कफीलपुढे तुमच्याआमच्यासारखाच."

त्या दिवसापासून साहेब आमच्यातला झाला. त्याचं दारू पिणं, मालकाला भर पार्टीत थोबाडीत मारणं, मग काम बंद, घरी बसणं, म्हातारपणी टीव्हीवर साबणाची जाहिरात करणं, हे सगळं आम्ही घरच्या माणसाचं ऐकावं तसं ऐकायचो. त्याने साबण विकला तेव्हा आमचा आचारी खरोखर हळहळला.

आणि शेवट ठरलेला. साहेबाची बायको मेली तेव्हा साहेब शूटिंगला होता. शॉट अर्धा टाकून तो गेला नाही. मुलाने बापाशी बोलणं टाकलं. वर्षं गेली. साहेब म्हातारा झाला, आजारी पडला. त्याने मुलाला बोलावलं नाही, निरोप पाठवला नाही. आणि एके दिवशी मुलगा आपणहून आला, दारात उभा राहिला आणि म्हणाला, बाबा, मी तुम्हाला माफ केलं. खलास. चाचा हॅट काढून छातीशी धरायचे आणि खोलीत कोणीही बोलायचं नाही.

कारण सगळ्यांना ठाऊक होतं. चाचांची बायको गेली तेव्हा फोन आला तो दफन झाल्यावरच. आमच्या मुसलमान भावांची ही तऱ्हाच असते, सकाळी माणूस जातो आणि दुपारपर्यंत मातीत. इथला माणूस पोचणार कसा? रजा मिळत होती तरी चाचा म्हणाले, "आता येऊन काय करू? माती तर पडली." एकुलता एक मुलगा फोनवर म्हणाला, "मग आता येऊच नका." बस्स. चाचा तेव्हापासून गावाला गेले नाहीत. मुलाचं लग्न झाल्याचं बहिणीने कळवलं, तर तिला सांगितलं, "यापुढं त्याची एक गोष्ट मला सांगायची नाय. त्याला सांगायची असेल तर तो सांगेल." बहीण बिचारी घाबरून गप्प. कॅम्पात त्यांच्या गावचे दोघे होते, तेही गप्प. एकाने एकदा तोंड उघडलं तर चाचांनी त्याला असल्या शिव्या घातल्या की त्याने खोली बदलून घेतली.

मी मात्र गप्प बसणारा नाही. मी दर दोन महिन्यांनी म्हणायचो, "चाचा, एक फोन करा. तुमचा काय इगो दुखतोय?"

"साहेबाने केला काय फोन?"

"साहेब गेला खड्ड्यात! तुम्ही काय नट आहात?"

"पोरगा आपणहून येतो रे," ते म्हणायचे. "बापाने बोलावलं तर ती माफी कसली? हुकूम झाला." आणि हे इतक्या खात्रीने म्हणायचे! हातात लेखी हमी असल्यासारखा माणूस बसून होता.

मग इथे सिनेमाची थेटरं उघडली. मला तर वाटलं, चाचा नाचतील. तर ते टाळाटाळ करायला लागले. आज गुडघा दुखतो, उद्या एसीची कंप्लेंट. शेवटी मीच शेजारच्या खोबर शहरातल्या मॉलमध्ये ओढून नेलं. कोट, हॅट, सिगरेट, सगळा थाट. आजूबाजूला सौदी कुटुंबं, पॉपकॉर्नच्या बादल्या, पोरं यांच्याकडे बोट दाखवून हसताहेत. खुर्ची मागे झुकली तर हे घाबरून उठले, म्हणाले, "मोडली! मी नाय मोडली!" दिवे गेले, पडदा उजळला, आणि कुठल्याशा हाणामारीच्या सिनेमातल्या नटाचा चेहरा समोरची भिंत भरून आला. चाचांनी माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठला.

थोड्या वेळाने बघतो तर ते रडताहेत. सिनेमात अजून कोणी मेलंसुद्धा नव्हतं. मी त्यांना बाहेर आणलं. मॉलच्या जिन्यावर बसून म्हणाले, "एवढा मोठा दिसायचा काय रे साहेब?"

मला काही कळेना.

"मी त्याला फोरमनच्या टीव्हीत बघितला. एवढासा," त्यांनी वीतभर हात दाखवला. "मला वाटायचा, लहानसा माणूस, आपल्याएवढा. लोकांनी त्याला भिंतीएवढा बघितला होता. मग तिथनं खाली उतरल्यावर त्याला किती लागलं असेल!"

इतकी वर्षं ज्याला अर्धवट समजत होतो त्या माणसाने हे कुठून काढलं?

गेल्या वर्षी चाचांना साठ वर्षं पूर्ण झाली आणि कंपनीने फायनल एक्झिट दिला. म्हणजे कायमचं घरी जा. दुसरा कोणी असता तर खचला असता, हे मात्र निवांत. बेत पक्का. विमानतळावरून बहिणीच्या गावाला जायचं, स्वतःच्या घरी नाही. तिथे ओसरीत बसायचं. मुलगा येईल.

"आणि नाही आला तर?" मी विचारलं.

"येतो. म्हातारपणी येतो. सांगितलं ना?"

मला रडावं की त्यांना बदडावं तेच कळेना. घरापासून तासाभरावर बसून हा माणूस मरेपर्यंत वाट बघणार होता. आणि मुलगा जर बापाच्याच वळणाचा असला तर तोही घरी बसून वाट बघणार. दोघांत एक कोण हलणार?

जायच्या आधीच्या शुक्रवारी शेवटची कथा. खोली खच्चून भरलेली, माणसं दुमजली खाटांवर चढून बसलेली. साहेबाचा शेवट आला. मुलगा दारात उभा राहिला, माफ केलं, चाचांनी हॅट काढली. आणि तेवढ्यात नवीन आलेला, पाटण्याकडचा इलेक्ट्रिशियन, साबणाच्या जाहिरातीवरून साहेबाला फोनवर हुडकून, मान वर काढून म्हणतो, "चाचा, लेकिन इसमें तो लिखा है कि उनकी कोई औलाद ही नहीं थी."

मी त्याला डोळ्यांनीच दाबला, पण उशीर झाला होता.

"फोनला काय माहीत?" चाचा भडकले. मिशी थरथरायला लागली. "फोन गेला होता काय त्याच्या गावाला? मला सांगितला तो त्याच्या शेजारचा माणूस! त्याच्या मयताला गेलेला माणूस! त्याचे शब्द माझ्या कानात आहेत अजून. ऐकायचेत?"

आणि चाचा फोरमन झाले. कंबरेवर हात, पोट पुढे, आवाज नाकातून. इतकी वर्षं कथा सांगितली, पण फोरमनचे मूळ शब्द त्यांनी कधी म्हणून दाखवले नव्हते. आज पहिल्यांदाच म्हणाले. एकेक शब्द तोडून.

"बादेन शायब. मरीद. वलद माफी. खलास."

म्हणजे, नंतर म्हातारा. आजारी. मुलगा माफी. संपलं.

आता जो इथे राहिला नाही त्याला सांगायला हवं. अरबीत 'मा फी' म्हणजे नाही. दुकानात रोटी संपली की दुकानदार म्हणतो, खुबुस माफी. नवीन आलेला आपला माणूस हमखास फसतो. मलाही पहिल्या आठवड्यात वाटलं होतं की काय सभ्य लोक आहेत, उठताबसता माफी मागतात! महिन्याभरात शब्द अंगवळणी पडतो आणि मग माणूस स्वतःच दिवसातून शंभरदा म्हणतो, पानी माफी, बस माफी, पगार माफी.

चाचांनी फोरमनचं ते वाक्य ऐकलं तेव्हा ते गावाहून आलेले नवे कोरे होते. शायब म्हणजे काय, वलद म्हणजे काय, हे त्यांनी कुणाला तरी विचारून घेतलं असणार. माफी कशाला विचारतील? तो तर आपल्या घरचाच शब्द. मुलाने माफी दिली. मग माफी दिली तर आधी भांडण झालेलं असणारच. ते भांडण फोरमनने सांगितलेलंच नव्हतं. ते पुढे चाचांनी स्वतःच्या घरातून आणून त्या कथेत घातलं होतं. साहेबाला मुलगाच नव्हता.

हे सगळं माझ्या डोक्यात लख्ख झालं. मी चाचांकडे बघितलं. ते तसेच उभे होते, कंबरेवर हात, पोट पुढे. कुणी काही समजावून सांगायची गरज नव्हती. रोज अरबी बोलणाऱ्या माणसाने स्वतःचंच वाक्य स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

"वलद..." ते पुटपुटले. "वलद मा... फी."

पाटणावाला हसायला लागला होता, त्याला कुणीतरी कोपर मारलं. चाचा खाली बसले. खाटेवर नाही, फरशीवर. या माणसाला मी हजारदा मरताना बघितलं होतं, पण असं बसताना कधी बघितलं नव्हतं. मी घाबरलो. पाणी दिलं, ते प्यायले नाहीत.

"म्हणजे कोणी आलाच नाय?" त्यांनी मला विचारलं. लहान पोराने विचारावं तसं. "साहेब एकटाच मेला?"

मी बोललो, "चाचा, नसेल त्याला मुलगा. तुम्हाला आहे."

त्यांनी कोटाच्या खिशातून फोन काढला. घरचा नंबर शोधला नाही, थेट दाबायला लागले. तोंडपाठ होता! इतकी वर्षं ज्या नंबरला बोट लावलं नाही तो तोंडपाठ! मी बाकीच्यांना बाहेर जायची खूण केली, पण कोणीही हललं नाही, आणि खरं सांगायचं तर मीही हललो नाही. चाचांना कमी ऐकू यायचं म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर. रिंग सगळ्या खोलीत वाजत होती.

पलीकडून बाईचा आवाज आला. "हॅलो?"

चाचांनी तोंड उघडलं. शुक्रवारचे चार-चार तास न थांबता बोलणारा माणूस, त्याच्या तोंडून हवासुद्धा बाहेर पडेना.

"हॅलो? कोण?" बाई म्हणाली, आणि मग एकदम फोनपासून तोंड फिरवून तिने आरोळी ठोकली. एक नाव घेतलं आणि म्हणाली, "...उतर! उतर म्हणत्ये ना खाली! टाकीवर पुन्हा चढलास तर तंगडी मोडून हातात देईन!"

त्यांच्या गावचे ते दोघे सोडले तर खोलीतल्या कुणाला काही कळलं नाही, कारण बाकी सगळ्यांना ते फक्त चाचा म्हणून ठाऊक. मी टाइमकीपर, हजेरीवर रोज त्यांचं पूर्ण नाव लिहिणारा. मी ताडकन उठून उभा राहिलो.

चाचाही उठले. चेहरा लालभडक. फोन हाताने झाकून मला म्हणाले, "आयकलंस? सून सासऱ्याचा नाव घेत्ये! एकेरी! माझी तंगडी मोडायला निघाली!"

"नाय उतरणार!" फोनमधून एक बारीक आवाज आला.

चाचांचा हात फोनवरून आपोआप बाजूला झाला. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. टाकीवर कोण चढलं होतं, कुणाच्या मुलाने कुणाचं नाव कुणाला ठेवलं होतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर हळूहळू उमटत गेलं. आणि पलीकडे पाठीत धपाटा बसल्याचा आवाज, मग भोकाड.

"मारू नको गो त्याला," चाचा फोनमध्ये म्हणाले.